जीएमआरटीच्या डेटापासून प्रतिमेपर्यंत: कासामधल्या पायऱ्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

सातारा, कराड, सांगली भागात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा अर्काइव्ह डेटा घेणारी बरीच मुलं आता भेटतात. त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "सर, क्लीन (प्रतिमा साफ करण्याची पायरी) नीट होत नाहीये." प्रतिमेत आडवे-तिरपे पट्टे असतात, तेजस्वी स्रोताभोवती कडी असतात, आणि दोन-तीन आठवडे रोबस्ट बदल, थ्रेशोल्ड बदल, इटरेशन वाढव यातच गेलेले असतात. मागे जाऊन पाहिलं की दोष कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे ओळखीच्या स्रोतांवरून डेटाच्या दुरुस्त्या काढण्यात, सापडतो, आणि बऱ्याचदा त्याच्याही आधी. एखादा बंद अँटेना तसाच राहिलेला असतो, दुरुस्त्यांचं एखादं टेबल दोनदा लागलेलं असतं, नाहीतर आकाशाचं मॉडेल सेव्ह झालेलं नसतं. प्रतिमा टीक्लीनमध्ये (कासा या डेटा हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या प्रतिमा बनवणाऱ्या कमांडमध्ये) दिसते, पण बिघडलेली असते बरीच आधी.

म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे आणि प्रत्येक टप्प्यानंतर काय पाहायचं ते सांगितलं आहे. बेसलाइन, व्हिजिबिलिटी, यूव्ही प्लेन हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं धरलं आहे. उदाहरण म्हणून जुना ६१० मेगाहर्ट्झचा डेटा घेतला आहे: ३२ मेगाहर्ट्झ बँडविड्थ, २५६ चॅनेल, १६ सेकंदांचं इंटिग्रेशन. अपग्रेड झालेल्या जीएमआरटीच्या डेटाला जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं लिहिलं आहे.

## १. आधी मशीन आणि डिस्क

कासा लिनक्सवर आणि मॅकवर चालतं. विंडोजच्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसएलमध्ये उबुंटू टाकून काम होतं, पण जमलं तर सरळ उबुंटूच टाका. कासाची टार फाइल उतरवून उलगडली की झालं. तिच्यासोबत तिचं स्वतःचं पायथॉन येतं, त्यामुळे सिस्टीमच्या पायथॉनला हात लावायची गरज नाही.

जागेचा हिशेब मात्र कागदावर करा. जीएमआरटीच्या ३० अँटेनांच्या ४३५ बेसलाइन होतात. २५६ चॅनेल, दोन पोलरायझेशन आणि फिट्स स्वरूपाच्या फाइलमध्ये प्रत्येक मोजमापाला १२ बाइट धरले तर एका इंटिग्रेशनला सुमारे २.७ एमबी लागतात, म्हणजे १६ सेकंदांच्या हिशेबाने तासाला ०.६ जीबी. हाच हिशेब २०४८ चॅनेल आणि ५.४ सेकंदांच्या नव्या डेटासाठी केला, तर तासाला सुमारे १४ जीबी होतात. त्यात कॅलिब्रेशन लावलं की मेझरमेंट सेटमध्ये (कासाच्या डेटा स्वरूपात) मूळ डेटाशेजारी मॉडेल आणि करेक्टेड असे आणखी दोन तेवढेच मोठे कॉलम तयार होतात. मूळ डेटाच्या पाचपट जागा मोकळी असल्याशिवाय सुरुवात करू नका. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पहिल्याच फटक्यात नवा डेटा घेणं म्हणजे शिकणं कमी आणि वाट पाहणं जास्त.

मेझरमेंट सेट ही फाइल नसते, तो फोल्डर असतो. त्यात अनेक छोट्या फाइली असतात आणि कासा त्या लॉक करून वापरतं. एनटीएफएस किंवा एक्सफॅट असलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर थेट काम केलं तर लॉकच्या विचित्र तक्रारी येतात. काम लिनक्सच्याच विभाजनावर करा. बाहेर न्यायचं असेल तेव्हा टार करून न्या.

आता विजेचं. पावसाळ्यात साताऱ्याला लाईट जाते तेव्हा अर्ध्यावर आलेलं अप्लायकॅल (दुरुस्त्या डेटाला लावणारी कमांड) तिथेच मरतं आणि टेबल अर्धवट लिहिलेलं राहू शकतं. इन्व्हर्टर असेल तर उत्तम. नसेल तर लॅपटॉपची बॅटरी किती वेळ टिकते ते पाहून मोठी कामं लावा. कॉलेजच्या सर्व्हरवर लांबून काम करत असाल तर स्क्रीन किंवा टीमक्स या प्रोग्राममध्येच कासा उघडा, म्हणजे नेट तुटलं तरी काम चालू राहतं. सांगलीत एप्रिल-मेच्या दुपारी लॅपटॉप तापून आपोआप बंद पडण्याची उदाहरणं भरपूर आहेत, तेव्हा लांबलचक इमेजिंग रात्रीच लावा.

सावधान: आयात केलेल्या पहिल्या मेझरमेंट सेटची टार प्रत काढा आणि तिला परत कधीही हात लावू नका. पुढे काहीही झालं तरी तुम्हाला इथपर्यंत येता यायला हवं.

## २. डेटा निवडणं

एनसीआरएच्या (जीएमआरटी चालवणाऱ्या संस्थेच्या) ऑनलाइन अर्काइव्हमध्ये नोंदणी करून स्रोताच्या नावाने किंवा निर्देशांकांनी शोध घेता येतो. ज्यांनी निरीक्षण केलं त्यांचा हक्काचा काळ १८ महिन्यांचा असतो, त्यानंतर डेटा सगळ्यांना खुला होतो.

पहिल्या प्रयत्नासाठी निवड करताना तीन गोष्टी पाहा. फ्लक्स कॅलिब्रेटर, म्हणजे ज्याची तेजस्विता नेमकी माहीत आहे असा स्रोत, ३सी४८, ३सी१४७ किंवा ३सी२८६ यांपैकी एक तरी, त्या सत्रात आहे ना? टार्गेटच्या स्कॅनच्या आधी आणि नंतर फेज कॅलिब्रेटर (टार्गेटजवळचा बिंदूसारखा स्रोत) आहे ना? आणि डेटा २०१० नंतरच्या सॉफ्टवेअर कोरिलेटरचा आहे ना? त्याआधीच्या हार्डवेअर कोरिलेटरच्या डेटात दोन साइडबँड वेगवेगळ्या फाइलींत येतात. नवख्या माणसाने त्या फंदात पडू नये. १५० मेगाहर्ट्झसुद्धा पहिल्यांदा नको. विषुववृत्ताजवळच्या आयनोस्फिअरची उलथापालथ इथे जास्त असते आणि तिथे दिशेनुसार बदलणाऱ्या फेज दुरुस्त्या लागतात. त्यासाठी स्पॅमसारखी वेगळी पाइपलाइन आहे, आणि साध्या सेल्फकॅलने (टार्गेटच्याच प्रतिमेवरून केलेल्या कॅलिब्रेशनने) ते काम भागत नाही.

मूळ फाइल एलटीए स्वरूपात असते आणि ती कासाला वाचता येत नाही. एनसीआरएच्याच लिस्टस्कॅन या प्रोग्रामने तिच्यातून एक लॉग फाइल काढायची, हवे ते स्कॅन ठेवायचे, मग जीव्हीफिट्सने फिट्स बनवायची. त्यानंतर कासामध्ये इम्पोर्टजीएमआरटी. डाउनलोड मध्येच तुटलं तर डब्ल्यूगेटला सी पर्याय देऊन पुढून चालू करा आणि शेवटी फाइलचा आकार सर्व्हरवरच्या आकाराशी जुळवून पाहा. अर्धवट उतरलेली फाइलही कधी कधी फिट्समध्ये बदलते, आणि शेवटचे दोन तास नाहीसे झालेत हे कळतच नाही.

## ३. लिस्टऑब्झ आणि वही

आयात झाली की पहिली कमांड लिस्टऑब्झ, ती निरीक्षणाचा गोषवारा देते. तिचा निकाल फाइलमध्ये साठवा आणि वहीत एक तक्ता हाताने करा: कोणता फील्ड क्रमांक म्हणजे कोणता स्रोत, त्याचं काम काय, स्कॅन किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला. हा तक्ता न करणारी मुलं पुढे गेनफील्डमध्ये (कोणत्या स्रोताची दुरुस्ती लावायची ते सांगणाऱ्या पर्यायात) चुकीचा क्रमांक देतात आणि कासा बिनतक्रार तो लावून टाकतं.

अँटेनांच्या बाबतीत एक खोच आहे. मधल्या चौकात (तीन भुजांच्या मधल्या दाट समूहात) सी०० ते सी१४ अशी नावं आहेत, पण सी०७ अस्तित्वातच नाही. पूर्व भुजेवर ई०१ नाही, दक्षिणेकडे एस०५ नाही. कासाचे स्वतःचे क्रमांक मात्र शून्यापासून सलग जातात. सी०८ फ्लॅग करायचा (खराब म्हणून वगळायचा) म्हणून ८ लिहिलं की भलताच अँटेना उडतो. नेहमी नावानेच निवडा.

तपासणी: निरीक्षकांनी ठेवलेला लॉग मिळत असेल तर वाचा. कोणता अँटेना देखभालीसाठी बंद होता, वारा कधी जास्त होता, हे तिथे लिहिलेलं असतं. तीस मिनिटांचं वाचन पुढचे दोन दिवस वाचवतं.

## ४. पहिलं फ्लॅगिंग

क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा ठरावीक गोष्टी: ऑटोकोरिलेशन (अँटेनाचा स्वतःशीच गुणाकार), शून्य किमती, पहिलं चॅनेल, आणि प्रत्येक स्कॅनच्या सुरुवातीचे सुमारे दहा सेकंद. शेवटच्या कामासाठी फ्लॅगडेटामध्ये क्वॅक मोड आहे. अँटेना नव्या स्रोताकडे वळून स्थिर होईपर्यंतचा डेटा भरवशाचा नसतो.

मग बंद अँटेना. प्लॉटएमएस (आलेख काढणारं साधन) उघडा, फ्लक्स कॅलिब्रेटर निवडा, बँडच्या मधलं एकच चॅनेल घ्या, आणि एका चांगल्या मध्यवर्ती अँटेनाशी असलेल्या सगळ्या बेसलाइनचा फेज वेळेनुसार काढा. चालू अँटेनाचा फेज रेषेत राहतो, सावकाश सरकतो. बंद अँटेनाचा फेज उणे १८० ते अधिक १८० सगळीकडे विखुरतो. अँप्लिट्यूड फसवू शकतो, कारण बंद अँटेनातूनसुद्धा नॉइजची काहीतरी किंमत येते. फेज फसवत नाही. आरआर आणि एलएल ही दोन्ही पोलरायझेशन वेगवेगळी पाहा. एकच पोलरायझेशन मेलेलं असणं अगदी नेहमीचं आहे, आणि तेव्हा अख्खा अँटेना उडवायची गरज नसते.

तिसरं, रेडिओ हस्तक्षेप. कॅलिब्रेशन व्हायच्या आधी फ्लॅगडेटाचा टीएफक्रॉप मोड वापरायचा. आरफ्लॅग मोड नंतर, बँडपास (चॅनेलनुसार बदलणाऱ्या प्रतिसादाची दुरुस्ती) लागल्यावर. कच्च्या डेटावर आरफ्लॅग चालवणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्याला बँडपासचा उतारसुद्धा बिघाड वाटतो आणि तो बँडच्या कडा कापत सुटतो. नव्या जीएमआरटीच्या रुंद बँडमध्ये कुठे काय येतं याचा अंदाज ठेवा: २५० मेगाहर्ट्झच्या आसपास उपग्रहांचे संदेश, तर बँड ५ मध्ये ११७६ आणि १२२७ मेगाहर्ट्झजवळ जीपीएस. खालच्या बँडमध्ये विजेच्या तारांवरच्या ठिणग्या अख्ख्या बँडभर पसरतात. तेव्हा चॅनेल कापून उपयोग नसतो, ती वेळच कापावी लागते.

सावधान: फ्लॅग करायच्या आधी दर वेळी फ्लॅगमॅनेजरने सद्यस्थिती नाव देऊन साठवा. नावात काय केलं ते लिहा. 'नवीन', 'नवीन२' अशी नावं आठवड्याने काहीच सांगत नाहीत.

सावधान: हायड्रोजनच्या २१ सेंमी रेषेचं काम असेल तर स्वयंचलित फ्लॅगिंग रेषेच्या चॅनेलवर चालवू नका. तुमचा सिग्नलच हस्तक्षेप म्हणून जाईल.

## ५. फ्लक्सचं मॉडेल

सेटजेवाय (माहीत असलेला फ्लक्स मॉडेलमध्ये भरणारी कमांड) फक्त फ्लक्स कॅलिब्रेटरवर चालवायचं, फेज कॅलिब्रेटरवर नाही. स्टँडर्ड म्हणून पर्ली-बटलर २०१७ ही फ्लक्सची मापनश्रेणी. कमांड झाली की लॉगमध्ये आलेला आकडा वाचा. ६१० मेगाहर्ट्झला ३सी२८६ सुमारे २१ ते २२ जान्स्की (फ्लक्सचं एकक), ३सी४८ सुमारे ३०, ३सी१४७ सुमारे ३९ यायला हवा. लॉगमध्ये १ जान्स्की दिसलं तर कासाने स्रोत ओळखलेलाच नाही, आणि पुढचं सगळं मोजमाप त्याच पटीत चुकणार. फील्डचं नाव नेमकं कसं लिहिलं आहे ते लिस्टऑब्झमध्ये पाहा.

## ६. कॅलिब्रेशन: चार टेबलं, एकच क्रम

घोडं पेंड खातं ते इथेच. म्हणून जरा थांबून.

रेफरन्स अँटेना मधल्या चौकातला घ्या, आणि पूर्ण सत्रभर दोन्ही पोलरायझेशनमध्ये नीट चाललेला घ्या. तो ठरला की शेवटपर्यंत तोच.

पहिलं टेबल, डिले (प्रत्येक अँटेनाच्या सिग्नलला होणारा उशीर). गेनकॅल, गेनटाइप के, फ्लक्स कॅलिब्रेटरवर. निघालेल्या किमती नॅनोसेकंदांत असतात. एखादा अँटेना बाकीच्यांपासून फटकून असेल तर तो आधी तपासा, पुढे जाऊ नका.

दुसरं टेबल, तात्पुरता फेज. पुन्हा फ्लक्स कॅलिब्रेटर, मधली वीसेक स्वच्छ चॅनेल, फक्त फेज, सोलइंट (एका सोल्युशनचा कालावधी) इंट. गेनटेबलमध्ये (आधी लावायच्या टेबलांत) डिले. याचा उपयोग एवढाच की बँडपास काढताना वेळेनुसार सरकणारा फेज आडवा येऊ नये.

तिसरं टेबल, बँडपास. सोलइंट इन्फ, स्कॅन एकत्र, गेनटेबलमध्ये पहिली दोन टेबलं. हे निघालं की दुसऱ्या टेबलाचं काम संपलं. ते पुढे कुठेही द्यायचं नाही. नाव देताना त्यात 'तात्पुरता' असं लिहूनच ठेवा. अंतिम अप्लायकॅलमध्ये हे टेबल घुसवलेल्या स्क्रिप्ट वारंवार दिसतात, आणि मग टार्गेटला फ्लक्स कॅलिब्रेटरचा काही तास जुना फेज लागतो.

चौथं टेबल, गेन. अँप्लिट्यूड आणि फेज दोन्ही. गेनटेबलमध्ये डिले आणि बँडपास. आधी फ्लक्स कॅलिब्रेटरवर सोडवा, मग त्याच टेबलात अपेंड ट्रू देऊन फेज कॅलिब्रेटरवर. अपेंड विसरलात तर दुसरी कमांड पहिली पुसून टाकते आणि फ्लक्सस्केलला संदर्भच मिळत नाही.

मग फ्लक्सस्केल. ते फेज कॅलिब्रेटरचा फ्लक्स लॉगमध्ये छापतं. कॅलिब्रेटरच्या यादीतल्या आकड्याशी तुलना करा. दुपटीचा फरक असेल तर कुठेतरी एक-दोन अँटेना बिघडलेले आहेत.

आता टेबलं डोळ्यांनी पाहायची वेळ. बँडपासचा आकार गुळगुळीत असावा, कडांना उतरावा. मध्येच सुई उभी असेल तर ते चॅनेल हस्तक्षेपाचं. गेनचा फेज वेळेनुसार काढा आणि एकेक अँटेना पुढे सरकवत जा. समजा पश्चिम भुजेवरच्या एका अँटेनाचा फेज रात्री ११:१० च्या कॅलिब्रेटर स्कॅनला ४० अंश आहे आणि ११:४५ च्या स्कॅनला उणे ११० आहे, तर शेजारचे अँटेना त्याच वेळात फक्त दहा-पंधरा अंश सरकले आहेत. कासा या दोन बिंदूंमध्ये सरळ रेष ओढेल आणि त्या ३५ मिनिटांतल्या टार्गेटला त्या रेषेवरचे फेज देईल. प्रत्यक्षात अँटेनाचा फेज कुठल्या क्षणी उडाला ते कोणालाच ठाऊक नाही. अशा वेळी त्या अँटेनाचा, त्या दोन स्कॅनमधला टार्गेटचा सगळा डेटा फ्लॅग करायचा. दोन्ही कॅलिब्रेटर स्कॅन आपापल्या जागी चांगलेच दिसतात, म्हणून ही चूक नजरेतून सुटते.

## ७. लावा, पाहा, फ्लॅग करा, पुन्हा पहिल्यापासून

अप्लायकॅलला तीन टेबलं द्यायची: फ्लक्सस्केलमधून निघालेलं, डिले, बँडपास. इन्क्रिमेंटल फॉल्स असताना फ्लक्सस्केलचं टेबल चौथ्या टेबलाच्या जागी येतं. दोन्ही दिली तर अँप्लिट्यूड दोनदा लागतो. टार्गेटसाठी गेनफील्डमध्ये फेज कॅलिब्रेटर, इंटरपोलेशन लिनिअर, कॅलडब्ल्यूटी फॉल्स.

तपासणी: करेक्टेड कॉलम घेऊन फ्लक्स कॅलिब्रेटरचा अँप्लिट्यूड चॅनेलनुसार काढा. तो ६१० मेगाहर्ट्झच्या अपेक्षित किमतीवर सपाट हवा. फेज शून्याभोवती काही अंशांत हवा. फेज कॅलिब्रेटरचंही तसंच पाहा.

आता आरफ्लॅग चालवा, तेही करेक्टेड कॉलमवर. हाताने राहिलेलं साफ करा. आणि मग जुनी सगळी टेबलं काढून टाका, क्लिअरकॅल करा, सेटजेवायपासून पूर्ण साखळी पुन्हा चालवा. ही दुसरी फेरी बहुतेक जण गाळतात. पहिल्या वेळची टेबलं खराब डेटासकट सोडवलेली असतात. नंतर फ्लॅग केलं म्हणून टेबलातला बिघाड आपोआप जात नाही. स्क्रिप्ट लिहिलेली असेल तर दुसरी फेरी म्हणजे एक कमांड आहे. प्रॉम्प्टवर एकेक ओळ टाइप करणाऱ्यालाच तिचा कंटाळा येतो.

## ८. टार्गेट वेगळा करणं

स्प्लिट करताना डेटाकॉलम करेक्टेड द्या. ते विसरलं तर कच्चा डेटाच नव्या फाइलमध्ये जातो.

चॅनेल किती एकत्र करायचे? आकड्यांनी ठरवा. ६१० मेगाहर्ट्झला सिंथेसाइज्ड बीम (प्रतिमेत बिंदू जेवढा पसरतो तो आकार) सुमारे ५ आर्कसेकंद. केंद्रापासून २० आर्कमिनिटांवरचा स्रोत म्हणजे २४० बीम दूर. ६१० ला २४० ने भागलं तर अडीच मेगाहर्ट्झ. चॅनेल एवढं रुंद केलं तर तो स्रोत केंद्राच्या दिशेने ठळकपणे ताणला जाईल. म्हणून १ मेगाहर्ट्झपर्यंतच थांबा, म्हणजे आठ-आठ चॅनेल एकत्र. जागा वाचवण्यासाठी सगळं एका चॅनेलमध्ये कोंबलेला डेटा परत उलगडता येत नाही.

## ९. प्रतिमा

पिक्सेल बीमच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा: ६१० ला १ आर्कसेकंद. प्रायमरी बीमची (एका अँटेनाच्या दृष्टिक्षेत्राची) अर्ध्या शक्तीची रुंदी सुमारे ४३ आर्कमिनिट आहे. प्रतिमा तिच्या साधारण दुप्पट घ्या: ५१२० पिक्सेल म्हणजे ८५ आर्कमिनिट. आपला स्रोत मधोमध छोटासा आहे म्हणून ५१२ पिक्सेलची प्रतिमा करणारे, बाहेरच्या तेजस्वी स्रोतांची कडी आपल्या स्रोतावर आणून ठेवतात.

एवढ्या रुंद क्षेत्रात डब्ल्यू टर्म (आकाश सपाट धरल्याने येणारी चूक) टाळता येत नाही. ग्रिडर डब्ल्यूप्रोजेक्ट, प्लेन उणे १ दिले की संख्या कासा ठरवतं. वेळ लागतो, लागू द्या. वेटिंग ब्रिग्ज, रोबस्ट शून्यापासून सुरुवात. नव्या रुंद बँडसाठी एमटीएमएफएस (वारंवारतेनुसार बदलणारा फ्लक्स धरणारी क्लीनची पद्धत) आणि दोन टर्म.

आधी इटरेशन शून्य ठेवून डर्टी प्रतिमा काढा आणि नीट पाहा. अख्ख्या प्रतिमेवर एकाच दिशेचे समांतर पट्टे असतील तर एखादी बेसलाइन किंवा एखादा छोटा वेळ खराब आहे. सर्वांत तेजस्वी स्रोताभोवतीच बिघाड असेल तर फेजचं काम बाकी आहे, ते सेल्फकॅलमध्ये सुधारेल. पट्टे दिसले तर इथून टप्पा ४ ला परत. इटरेशन वाढवून पट्टे जात नाहीत.

क्लीनच्या पहिल्या फेरीत मास्क फक्त ठळक स्रोतांभोवती, थ्रेशोल्ड नॉइजच्या पाचपट.

सावधान: सेव्हमॉडेल मॉडेलकॉलम दिलंच पाहिजे. ते दिलं नाही तर सेल्फकॅल कासाच्या मूळ समजुतीवर चालतं: केंद्रात १ जान्स्कीचा एक बिंदू. मग दोन-तीन फेऱ्यांत मधोमध एक सुंदर, टोकदार, पूर्णपणे खोटा स्रोत उगवतो.

तपासणी: प्लॉटएमएसमध्ये मॉडेल कॉलमचा अँप्लिट्यूड यूव्ही अंतरानुसार काढा. सगळे बिंदू १ वर आडव्या रेषेत असतील तर मॉडेल साठवलं गेलेलं नाही.

## १०. सेल्फकॅल

आधी फक्त फेज. सोलइंट मोठ्याकडून लहानाकडे: आठ मिनिटं, चार, दोन, एक. दर फेरीत गेनकॅल स्प्लिट केलेल्या फाइलच्या मूळ डेटा कॉलमवरच सोडवतं, त्यामुळे नवं टेबल जुन्याची जागा घेतं. जुनं आणि नवं एकत्र लावू नका. दर फेरीनंतर मास्क वाढवा, पण जे निर्विवाद स्रोत आहेत तेच आत घ्या. खोट्या ठिपक्याला एकदा मॉडेलमध्ये जागा मिळाली की सेल्फकॅल त्याला खरा करून सोडतं, आणि उलट खऱ्या पण मास्कबाहेर राहिलेल्या पुसट स्रोताचा फ्लक्स खाली जातो.

गेनकॅलच्या लॉगमध्ये किती सोल्युशन फेल गेली ते वाचा. पाचात एकाहून जास्त जात असतील तर तुमच्या स्रोताला एवढा लहान सोलइंट झेपत नाही. मागच्या पायरीवर थांबा.

अँप्लिट्यूडची फेरी शेवटी, एकदा, मोठ्या सोलइंटने आणि सोलनॉर्म ट्रू ठेवून. क्षेत्रात तेजस्वी स्रोत नसेल तर ती करूच नका. आधीच्या प्रतिमेशी तुलना करा: नॉइज कमी झाला, शिखर वाढलं किंवा तेवढंच राहिलं, आणि तेजस्वी स्रोतांचा एकूण फ्लक्स जागेवर आहे, तर ठीक. फ्लक्स ५ टक्क्यांहून जास्त घसरला तर ती फेरी टाकून द्या. नॉइज दोन फेऱ्यांत हलला नाही की सेल्फकॅल संपलं.

## ११. प्रायमरी बीम, फ्लक्स, स्थान

कासाच्या पीबीकोर या प्रायमरी बीमच्या दुरुस्तीवर जीएमआरटीसाठी आंधळेपणाने विसंबू नका. एनसीआरएने प्रत्येक बँडच्या बीमसाठी बहुपदीचे सहगुणक दिले आहेत. जुन्या आणि नव्या फीडचे वेगळे आहेत, आपले कोणते ते पाहून घ्या. चल राशी म्हणजे केंद्रापासूनचं अंतर आर्कमिनिटांत गुणिले वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये, आणि बहुपदीत तिचे फक्त सम घात येतात. कोड लिहिला की आधी एक आकडा तपासा: ६१० मेगाहर्ट्झला २१.५ आर्कमिनिटांवर उत्तर ०.५ च्या आसपास आलं पाहिजे. मेगाहर्ट्झ आणि गिगाहर्ट्झचा घोळ इथेच पकडला जातो. प्रतिमेला या किमतीने भागायचं, गुणायचं नाही. बीम २० टक्क्यांखाली गेला त्यापलीकडचा भाग मोजमापात धरू नका.

मग आठ-दहा एकाकी, बिंदूसारखे स्रोत निवडा आणि एनव्हीएसएस या १.४ गिगाहर्ट्झच्या सर्वेक्षणाशी जुळवा. १.४ गिगाहर्ट्झला १०० मिलिजान्स्की असलेला, स्पेक्ट्रल इंडेक्स उणे ०.७ चा स्रोत ६१० ला सुमारे १८० मिलिजान्स्की दिसायला हवा. एकेका स्रोताचा इंडेक्स वेगळा असतो, म्हणून सगळ्यांचं मध्यक घ्या. शिवाय एनव्हीएसएसचा बीम ४५ आर्कसेकंदांचा आहे, तुमचे दोन स्रोत तिथे एकच दिसत असतील, त्यांना तुलनेतून वगळा. मध्यक दीडपट किंवा दोनतृतीयांश आलं तर सेटजेवायचा लॉग पुन्हा उघडा. सगळं बरोबर असतानाही जीएमआरटीच्या फ्लक्समध्ये १० टक्के अनिश्चितता लिहायची पद्धत आहे. प्रोजेक्टच्या तक्त्यात ती लिहा, फक्त जुळणीतून निघालेली त्रुटी देऊ नका.

त्याच स्रोतांची स्थानंही जुळवा. फेज सेल्फकॅलने अख्खी प्रतिमा एक-दोन आर्कसेकंद सरकू शकते. सगळे स्रोत एकाच दिशेला सारखेच सरकले असतील तर तेवढी दुरुस्ती हेडरमध्ये करता येते. केंद्रापासून दूर जाताना सरकणं वाढत असेल तर मात्र पिक्सेलचं माप किंवा डब्ल्यू टर्म यांत चूक आहे, टप्पा ९ पुन्हा करा.

शेवटी प्रतिमा एक्सपोर्टफिट्सने काढा आणि तिच्याच फोल्डरमध्ये पूर्ण स्क्रिप्ट, फ्लॅगची यादी, कॅलिब्रेशन टेबलं आणि कासाची सगळी लॉग फाइल ठेवा. करेक्टेड कॉलमवाला मोठा मेझरमेंट सेट पुसला तरी चालतो. टार प्रत आणि स्क्रिप्ट असली की तो एका रात्रीत परत तयार होतो.